ब्लांशबाईंची खिडकी

अट ब्लांशबाईंनीच घातली होती. खालच्या मजल्यावरच्या आर्माँचं वडिलोपार्जित घड्याळ दुरुस्त करायचं. त्याची केसाहून बारीक स्प्रिंग त्यांच्या हातून नीट बसली, तर त्या ला शो-द-फों हे डोंगरावरचं घड्याळांचं गाव सोडणार नाहीत. नाही बसली, तर हिवाळ्याआधी खाली तळ्याकाठी, लेकीकडे जाऊन राहतील.

लेक झोझियान त्या शनिवारी रिकामी खोकी घेऊनच आली.

"निकालाआधीच खोकी?" ब्लांशबाई म्हणाल्या.

"तू हरलीस तर एवढे जिने पुन्हा कोण चढणार?"

शाळा सुटल्यापासून ब्लांशबाई याच खिडकीशी बसून घड्याळांच्या स्प्रिंगा बसवत आल्या होत्या. खिडकीला कधी पडदा लागला नाही, की चौकटीवर फुलझाडाची कुंडी आली नाही; उजेड अडवायचा नाही, एवढंच. समोरची घरंही सावली पडू नये इतकी लांब बांधलेली. लग्न झालं, झोझियान झाली, नवरा युलिस गेले. मग बॅटरीची घड्याळं आली, कारखाने बंद पडले आणि शेजारच्या खिडक्यांतल्या बायका एकेक करून तळ्याकडे उतरल्या. आता शनिवारी पाहुणे यायचे ते जिन्यातली रंगीत काच आणि भिंतीवर रंगवलेल्या देवदाराच्या फांद्या बघायला.

"आयुष्यभर त्या भिंतीला टेकत कोळसा वर आणला," ब्लांशबाई म्हणायच्या, "तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही."

आजही पाहुणे आले. त्यांना शहर दाखवणारी कोरीन दारात उभी राहिली. "मादाम पेरे, खिडकी दाखवू का यांना?"

"दाखव. पण माझ्या उजेडात कुणी यायचं नाही."

ब्लांशबाईंनी चिमट्यात स्प्रिंग उचलली होती. एवढ्यात एक जाडजूड गृहस्थ बाहेर डोकावायला पुढे झाला. टेबलावर सावली पडली, चिमटा सरकला, स्प्रिंग उडाली.

"हलू नका!"

ओरडली झोझियान. त्या घरातलं मूल चालायच्या आधी हे शिकायचं. गृहस्थाचा एक पाय तसाच अधांतरी राहिला. कोरीनचे वडील घड्याळांच्या डब्या घडवायचे, त्यामुळे तिलाही हे ठाऊक होतं. तिने त्याला दंडाला धरून सावरलं. झोझियान गुडघ्यांवर बसली, गाल जमिनीला टेकवून उजेडाच्या दिशेने फळ्यांवरून नजर फिरवू लागली. ब्लांशबाईंनी ॲप्रन चाचपला आणि शेगडीकडे बोट केलं. "तिकडे गेली."

तेवढ्यात झोझियानला ती दिसली. शेगडीच्या अगदी उलट बाजूला, तिच्याच स्वेटरच्या बाहीवर, लोकरीत अडकलेली.

म्हणजे आईला दिसलंच नव्हतं. बाही नुसती दुमडली असती, तरी संध्याकाळपर्यंत खोकी भरली असती. या हिवाळ्यात आई बर्फावरून घसरली असेल का, हा घोर राहिला नसता.

तिने हात पुढे केला. "आई, इथे आहे."

"टेबलाजवळ लोकर घालून आलीस?" ब्लांशबाई कडाडल्या. "लहान असतीस तर पाठीत धपाटा खाल्ला असतास!"

स्प्रिंगचा एक वेढा वाकला होता. दोन चिमट्यांनी त्यांनी तो हळूहळू सरळ केला. डोळ्यांपेक्षा बोटांवरच भरवसा ठेवून स्प्रिंग बसवली. नाजूक चाक डुललं, थांबतंय असं वाटलं, आणि चालू लागलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत, टेबल हलतं."

सगळे गेल्यावर त्या भिंग पुसत म्हणाल्या, "मी शेगडीकडे बोट दाखवलं, नाही?"

"हो."

"तरी दिलीस."

"अट बसवायची होती, शोधायची नव्हती."

ब्लांशबाईंनी पुसलेलं भिंग टेबलावर ठेवलं.

"डोळे दाखवायला खाली येईन," शेवटी त्या म्हणाल्या. "राहायला नाही."

"पुढच्याच आठवड्यात. बर्फाच्या आधी."

"बरं बाई."

झोझियानने स्वेटर काढून बाहेर जिन्याच्या कठड्यावर टाकला, आणि उजेड अडणार नाही अशा बाजूला खुर्ची ओढून आईशेजारी बसली.