वाशीला निघालेली जर्मन किटली

एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात मी जुन्या जर्मन काचेचा चहाचा अख्खा संच आंब्याच्या पेटीत भरला, वर फळ्या ठोकल्या, आणि ती पेटी सासुरवाडीच्या पडवीत आंब्याच्याच पेट्यांना खेटून ठेवून जेवायला बसलो. संच माझा नव्हता.

तो लांज्याच्या एका काकांचा. काका उमेदीत मालवाहू बोटीवर होते, हांबुर्गच्या जुन्या बाजारातून त्यांनी तो आणलेला. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला, त्यामुळे असेल, पण त्या जातीच्या काचेचं मला वेड होतं. ना वेलबुट्टी, ना सोनेरी कड. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ किटली, चहापत्तीसाठी तिच्या पोटात काचेचंच गाळणं, उथळ रुंद कप. बोटीवरून परतलेल्यांच्या घरांतून सुटे कप, बिनकपांच्या बशा गोळा करत मी निम्मा जिल्हा फिरलो होतो. बायको म्हणायची, "लॅबमधून चोरून आणल्यासारखं दिसतं सगळं." पण पुरा संच होता एकट्या काकांकडे. तीन वर्षं त्यांच्या ओट्यावर नेमाने हजेरी लावली, तेव्हा कुठे ते विरघळले.

"आठ दिवस ने, बघ, पूस, काय हवं ते कर. रविवारी नातीला बघायला मंडळी यायचीत, त्यांना चहा ह्यातनंच द्यायचा. शनिवारी परत आण. नीट आणलास तर पुढे तुझाच."

म्हणून शनिवारी सकाळी मी सासुरवाडीला गेलो. मेव्हण्याची कलमं आहेत. पेंढ्यात फळ कसं निजवावं हे त्याच्या घरात जेवढं कळतं तेवढं कुणाला कळत नाही, असा माझा सिद्धान्त. पेटी झकास भरली. मग बांगड्याचं तिखलं दोनदा वाढून घेतलं आणि झोपलो.

उठलो तेव्हा पडवी रिकामी होती. मेव्हणा हातपंख्याने वारा घेत बसला होता.

"गेला टेंपो, भावोजी. ह्या खेपेला एक पेटी जास्तच भरली बघा."

काकांचे पाहुणे, त्यांची नात, माझी तीन वर्षं, सगळं वाशीच्या बाजाराकडे निघालं होतं. कसंबसं सांगितलं तेव्हा मेव्हण्याने पंखा खाली टाकला आणि स्कूटर काढली.

आमच्याकडचा माल हातखंब्याला टेंपोतून मोठ्या ट्रकात चढतो. तिथवर रस्त्यात जितके खड्डे लागले, तितक्या वेळा मी मनात किटली फुटलेली ऐकली. पोचलो तर ट्रक भरत आला होता. एक हमाल खालून पेटी उडवत होता आणि दुसरा वर ती झेलत होता. बघून मी खालीच बसलो.

ड्रायव्हर म्हणाला, "माल आता उतरायचा नाय."

मेव्हण्याने त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे. बहुधा माझ्या डोक्याविषयी काहीतरी असावं, कारण तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत तयार झाला. मेव्हण्याच्या चाळीस पेट्या खाली आल्या. सगळ्या एकसारख्या. माझ्याही पेटीवर मेव्हण्याच्या गड्यांनी इमानेइतबारे वाशीच्या दलालाचं लेबल डकवलेलं. मी एकेक पेटी उचलून कानाशी नेऊन हलवू लागलो.

थोरला हमाल बघत होता; मेव्हण्याचं बोलणं त्याच्याही कानावर गेलं असावं. "सर, काचच शोधताय ना?"

"हो."

"मग खुळखुळा कशाला वाजवताय?"

मी हातातली पेटी अलगद खाली ठेवली. किती पेट्या हलवून झाल्या होत्या आणि त्यातली कुठली ती होती, देव जाणे. हमाल मात्र वाकून फटींना नाक लावत रांगेने निघाला. सव्विसाव्या पेटीशी थांबला. "हिला आंब्याचा वासच नाय."

उघडून बघायचा धीर मला झाला नाही. पेटी मांडीवर घेऊन मी मागे बसलो आणि मेव्हण्याने स्कूटर लांज्याकडे वळवली. पालीच्या पुढे आत कुठेतरी किणकिणलं.

"ऐकलंस?"

"किल्ल्या हायत माझ्या खिशात. गप बसा."

काकांनी पेटी ओट्यावर घेतली, पक्कडीने खिळे उपसले, पेंढा बाजूला सारला. एकेक कप उन्हाकडे धरून बघत होते. मी मोजत होतो. सहा कप, सहा बशा. शेवटी किटली. त्यांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं, गाळणं काढून परत बसवलं. धड होती. मी रडायच्या बेतात होतो.

मग त्यांनी झाकणाची फळी उचलली आणि चष्मा वर करून लेबल वाचलं.

"वाशीला चालला होता काय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मेव्हण्याने अथपासून इतिपर्यंत सांगून टाकलं. हमालाचा खुळखुळासुद्धा सोडला नाही. काकांची नात दारात तोंडाला पदर लावून उभी. काकांनी किटली उचलून तिच्या हातात दिली.

"आत ठेव, उद्याला लागेल. आणि ह्या मास्तरला चहा आण, स्टीलच्या पेल्यातनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या हातात तेवढंच शोभतं. पडला तर फार तर पोचा येईल."