आखाजीचं गाणं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कैऱ्यांचा वास आला की माझ्या सासरच्या बहादरपूरच्या मैदानातला तो सिनेमाचा तंबू आठवतो. त्याच्या आदल्या आखाजीला मी माहेरी असताना एका साहेबाने तापीच्या राजघाटावर आम्हा मुलींची झोक्यावरची गौराईची गाणी बोलत्या सिनेमात घेतली होती. सासरी मी हे लपवलं होतं. घरची सून परक्या पुरुषासमोर गायली हे सासऱ्यांना खपलं नसतं. वर्षाने तोच सिनेमा आमच्या गावात आला आणि सासरे सगळ्यांना घेऊन निघाले. पडद्यावर तापी दिसली, झोका दिसला आणि माझा आवाज तंबूभर घुमला. सिनेमात घेताना लाजेने मी तोंडावर पदर ओढला होता, पण पडद्यावर हातावरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझा हात आपल्या पदराखाली ओढून घेतला. परतताना बैलगाडीत सासऱ्यांनी विचारलं, “कोन गाऊन राह्यली होती ती? कोनाच्या घरची?” “असंल कोनी राजघाटाकडची,” सासूबाई म्हणाल्या. पहाटे दळायला बसल्यावर त्या पुटपुटल्या, “कालचं गानं म्हन. पन हळू.” आता सासू-सासरे दोघंही नाहीत, तरी जात्याशी बसले की माझा आवाज आपोआप खालीच राहतो.