हाडं खाणाऱ्या गोगलगायी आणि राजश्री मॅडम

वहिदाचं भाषण ऐकायला सभागृह गच्च भरलं होतं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या राजश्री मॅडमचा नुसता जळफळाट चालला होता. नांदेडच्या याच कॉलेजात दोघी एका बाकावर बसून प्राणिशास्त्र शिकल्या. राजश्री इथंच शिकवायला राहिली. वहिदा गोव्याच्या प्रयोगशाळेत गेली, तिथून परदेशी जहाजावर.

पडद्यावर खोल समुद्राचा तळ आला. मेलेला देवमासा तिथं बुडून पडतो, वहिदा सांगत होती, मांस सरलं की सांगाडा उरतो, आणि काही गोगलगायी येऊन ती हाडंच खातात. चिरून बघितलं तर पोटात हाडांचा भुगा! पोरं आ वासून ऐकत होती. राजश्रीच्या तासाला हीच पोरं जांभया द्यायची.

ती उठली. "मॅडम, मराठवाड्याला याचा काय उपयोग?"

हशा पिकला. वहिदाही हसली. "उपयोग मला न्हाई माहीत. पण शंखाला धक्का न लावता गोगलगाय उचलायची कशी, हे विष्णुपुरी धरणाच्या चिखलात मला हिनंच शिकवलं. माझा हात लई धसमुसळा होता."

टाळ्या पडल्या. राजश्रीला त्या भीक घातल्यासारख्या वाटल्या.

निघताना वहिदा म्हणाली, "नमुने निवडायला माणूस पाहिजे. महिनाभर येतीस का गोव्याला?"

"रजेचं विचारते."

विचारलंच नाही. फोन आला तेव्हा "रजा मिळंना" म्हणून मोकळी झाली. मग विभागात नव्यानं लागलेली लातूरची मालविका गेली. परतली ती पोरांना दाखवायला बरणीत एक हाडखाऊ गोगलगाय उसनी घेऊन. "वहिदा मॅडम म्हणाल्या..." हे तिचं दिवसभर चालू. आता राजश्रीला जळायला दोघी झाल्या.

राजश्री त्या बरणीकडं फिरकलीच नाही. शेवटी एकदा सगळे जेवायला गेल्यावर तिनं सूक्ष्मदर्शक ओढला. गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगाच रांगा! तिचा डबा तसाच राहिला.

तिनं वहिदाला फोन लावला. "पुढची खेप कधी हाय? मी येते."

"अगं, यंदाची माणसं ठरली. मालविकालाच परत बोलावलंय."

"बरं," राजश्री म्हणाली.

त्याच दुपारी तिनं पुढच्या वर्षाच्या रजेचा अर्ज टाकला. मालविकाशी मात्र आठवडाभर बोलली नाही.