हिंगळाप्रसादची फळी

वेसाव्याच्या कोळीवाड्यात हरेश्वरसारखा हट्टी माणूस दुसरा नाही. हे त्याची बायको सोनूबाई पार्ल्याच्या बाजारात मासे विकता विकता कुणालाही सांगेल. सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला तेव्हा वाड्यात पेढे वाटले, आणि हा बाबा म्हणत फिरत होता, "आमी शेतकरी? मंग आमचा सातबारा कुठं हाय, दर्यावर?" पण आतून तोही खूश होता, खोटं कशाला बोला! डिझेलवरचं अनुदान नसतं तर त्याची होडी कधीच वाळूत बसली असती. हल्ली मासळी मिळते कुठे? जाळ्यात निम्मं प्लास्टिक. अनुदान आहे म्हणून फेरी परवडते, नाहीतर सोनूबाईच्या टोपलीत काय, वारा?

होडीचं नाव हिंगळाप्रसाद, हिंगळादेवीवरून ठेवलेलं. बापाच्या वेळची. म्हणजे तशी नाही. बापाची होडी कुजली तेव्हा हरेश्वरने नवी बांधली, जरा लांब, इंजिनही दमदार. पण जुनीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, एक फळी काढून त्याने नवीत बसवली, तिच्यापुढे नारळ फोडला, आणि नाव तेच, नंबरही तोच रंगवला. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. होडी मरत नाही, कात टाकते, असं त्याचा बाप म्हणायचा. आता हे सरकारला कळवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? देवीला कळवलं होतं की.

यंदा अनुदानासाठी होड्यांची तपासणी निघाली. साहेब तरुण होता, अनिरुद्ध नावाचा, बोलायला गोड. त्याने टेप लावली, कागद पाहिला, पुन्हा टेप लावली. कागदावरची होडी आखूड, समोरची लांब. जुनी होडी कुठे आहे काका, असं त्याने विचारलं. हरेश्वरने छाती फुगवून फळीवर हात ठेवला.

"हीच ती."

साहेब हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जुनी मोडली असं लिहून द्या, मग नवीची नोंद करता येईल, असं त्याने समजावलं. हरेश्वर नाही म्हणाला. दर्यावर जाणाऱ्या होडीला मोडली म्हणायचं म्हणजे जित्या माणसाचं तेरावं घालायचं. सोनूबाई आधी त्याच्या मागे लागली, मग चिडली, मग रडली. पोटाला काय फळी खायची, म्हणाली. तेव्हा कुठे त्याने सही केली.

आणि झालं काय? जुनी होडी मोडली, म्हणून तिचा परवाना रद्द. नवीची नोंद करायची तर नवा परवाना हवा, आणि नवे परवाने बंद! साहेबाला हे खरंच माहीत नव्हतं. बिचारा घरी येऊन माफी मागून गेला. त्याच्यावर तरी दात खाऊन काय उपयोग?

नारळी पौर्णिमेनंतर वाड्यातल्या होड्या सुटल्या. हिंगळाप्रसाद तिथेच राहिली. परवाना नाही म्हणून अनुदान नाही, आणि चोरून जावं तरी बाजारभावाच्या डिझेलने फेरी तोट्यातच. बिनपरवान्याची होडी विकत कोण घेणार? शेवटी गोवंडीचा भंगारवाला आला. इंजिन आधी गेलं, मग लाकूड. फळी मात्र हरेश्वरने स्वतः पटाशीने हळूहळू सोडवली आणि खांद्यावर टाकून घरी आणली.

पुढची होडी बांधेपर्यंत फळी जपायची असते. पुढची होडी कुठली यायला! ती आपली दाराआड उभी राहिली. सोनूबाई आता धक्क्यावरून दुसऱ्यांची मासळी विकत घेऊन पार्ल्याला बसते. एका सकाळी तिचा बसायचा पाट मोडला, तर हरेश्वरने दाराआडची फळी काढून तिच्यापुढे ठेवली.

"अवो, ही नाळेची हाय," ती म्हणाली.

"मोडली ती होडी," हरेश्वर म्हणाला. "मीच लिवून दिलंय."