जोडाच्या वरची मुळं

आमच्या वहिनीला सगळे ‘ब्लेडबाई’ म्हणतात. नाव मीच पाडलंय. आल्या दिवसापासून ही बाई माझ्या डोळ्यांत सलते. बोलते कमी, आणि बोलते तेव्हा नेमकं बरोबर बोलते. कोणाला सहन होईल?

परसात जुन्या पडद्यांची शेड करून ती टोमॅटोची कलमं बांधायची. खाली रानवांग्याचं मूळ, वर टोमॅटोचा शेंडा. दोन्ही देठ ब्लेडने तिरके कापायचे, चिमट्याने जोडायचे, आठवडाभर अंधारात ओलसर ठेवायचे. का, तर आमच्या मातीत मर रोग. टोमॅटोचं मूळ तिथे टिकत नाही, रानवांग्याचं टिकतं. मी म्हणायचो, “लावा झाडांची लग्नं, दुसरं काय काम तुम्हाला?” ती हसायचीसुद्धा नाही.

शेवटी वडिलांनी अट घातली. एक वाफा कलमांचा लावायचा. जगला तर तिला पक्की शेड बांधून द्यायची, मेला तर आहे ती मोडायची. लावणी माझ्याकडे.

“भावजी, जोड मातीच्या वर राहू द्या,” ती म्हणाली. “दोन बोटं तरी.”

मला शिकवते. टोमॅटो गळ्यापर्यंत खोल लावतात, हे शेंबडं पोरही सांगेल. जोड गाडला की वरच्या टोमॅटोला मुळं फुटतात आणि रोग आत शिरतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिनेच दोनदा सांगितलं होतं. म्हणूनच गाडली सगळी.

फळं धरली आणि वाफ्याने माना टाकल्या. वडील बांधावर आले. वहिनीने एक रोप उपटलं, माती झटकली.

“मामंजी, मुळं जोडाच्या वर फुटलीत. रोपं खोल लावलीत.”

वडिलांना मोतीबिंदू. त्यांनी रोप चाचपलं, काही कळेना, तेव्हा माझ्यापुढे धरलं. “तू सांग. मुळं वर आहेत का खाली?”

जोडाच्या वर पांढरी मुळं ढळढळीत दिसत होती.

“खालीच आहेत,” मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “भावजी म्हणतात तर खालीच असतील,” आणि शेड मोडायला स्वतःच निघून गेली. मला तिचा तेव्हाही रागच आला.

वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून घराकडे चालू लागले.

“तुझ्या डोळ्यांवरच चाललंय रे माझं,” म्हणाले.

मी नुसतं हं म्हटलं.