डावी डिस्क, उजवी डिस्क

ब्रेकचा विषय निघाला की डेपोतले मिस्त्री बसखालून सरपटत बाहेर यायचे आणि समोरच्याचा चहा निवेपर्यंत सांगत राहायचे. "ही डिस्क एक दिसते, पण आहेत दोन! मधे पोकळी, पोकळीत वाकड्या पात्या. चाक फिरलं की हवा मधून आत ओढली जाते, कडेनं बाहेर फेकली जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. स्वतःला वारा स्वतःच घालते, बोला!" ऐकणारा जांभया द्यायचा. मिस्त्रींचा उत्साह काही उतरत नसे.

त्यांची बायको त्याच डेपोत छोटी बस चालवायची. सगळे तिला वहिनी म्हणत. घाटाच्या फेरीसाठी तिनं डेपोच्या साहेबांचं डोकं खाऊन खाऊन अखेर चाचणी मिळवली. तिच्या गाडीला नव्या डिस्क मिस्त्रींनीच बसवल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ.

सकाळी वहिनी रिकामी बस घेऊन घाट उतरली, तेव्हा पुढच्या चाकांतून धूर येत होता. शेजारी बसलेले साहेब नाक दाबून खाली उतरले. "वहिनी, तुमचा पाय ब्रेकवरून उठतच नाही. घाट तुमचं काम नव्हे." घरी एक शब्द खाली पडू न देणारी वहिनी खाली उतरून धुरकटलेल्या चाकांकडे बघू लागली. पायथ्याशी थांबलेल्या मिस्त्रींना ते फार लागलं.

डेपोत चाकं निवल्यावर त्यांनी ती उघडली, डिस्कच्या कडेनं आत डोकावले आणि ओरडलेच. पात्या मागे कलायला हव्या होत्या, त्या पुढे कलल्या होत्या. डावी डिस्क उजवीकडे, उजवी डावीकडे! हवा धड खेळतच नव्हती, उष्णता जाणार कुठे? लाज वाटायच्या आधी त्यांना आनंदच झाला. बायको चुकली नव्हती!

गुपचूप अदलाबदल केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. मिस्त्री मात्र डिस्क पोटाशी धरून कॅन्टीनमध्ये धावले. "साहेब, तिचा पाय नाही, माझे डोळे फुटले होते! मी उलट्या बसवल्या!"

"तुम्ही? ब्रेकवर प्रवचन देणारे?" सगळं कॅन्टीन हसलं. कान लाल झाले तरी मिस्त्रीही हसले.

डिस्क सुलट्या बसवून दुपारी पुन्हा चाचणी. या वेळी मिस्त्री मागच्या सीटवर, जीव मुठीत धरून. वळणामागून वळण वहिनीनं असं काही घेतलं की त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पायथ्याला साहेब चाकाजवळ वाकले, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "फेरी तुमची, वहिनी!"

साहेब चहाच्या टपरीकडे गेल्यावर वहिनीनं मागे वळून विचारलं, "अहो, सकाळी धूर बघून तुम्हालाही माझाच पाय वाटला होता ना?"

मिस्त्रींनी कान पकडले. "वाटला होता गं."

"मग पुढे येऊन बसा. आता चढ आहे. पाय ब्रेकवर असतो की कुठे ते नीट बघा."