कूलरनं पास केलेली टोपी

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा. चहा सांडला तर मला बोल लावायचा नाही. कारण मी जो घोळ घातला, तसा आमच्या पुंडलिकनगरात आजवर कुणी घातलेला नाही. ऐन मे महिना, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, आणि मी लोकरीची टोपी घालून मरता मरता वाचले. म्हणजे, मरत नव्हतेच मुळी! पण ते गल्लीला कोण सांगणार?

थांबा, पहिल्यापासून सांगते.

प्रज्ञा माझी नात. नर्स आहे. तिला आयर्लंडमध्ये नोकरी लागली, समुद्राकाठच्या एका गावातल्या दवाखान्यात. अर्ज कर, अर्ज कर म्हणून तिच्या मागं मीच लागले होते. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चिकलठाण्याला कंपनीत पॅकिंगला होते, तिथं खोक्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकले. तेव्हापासून कुणी काही सांगितलं की मी म्हणते, दाखव, कुठं लिहिलंय? आणि लिहिलेलं असलं तरी मी स्वतः करून बघितल्याशिवाय मानत नाही. हा माझा स्वभाव. याच स्वभावानं पुढं माझी वरात काढली.

तर मी मोबाइलवर त्या गावाचं हवामान वाचलं. थंडी, पाऊस आणि वारा! आपल्याकडं हे तिघं कसे पाळीपाळीनं येतात. तिथं तिघंही एकदमच दारात उभे!

आणि आमच्या पोरीचे कान नाजूक. लहानपणापासून वारं लागलं की ठणका. कापड गरम करून करून मी शेकलेत ते कान. दुसऱ्या कुणाच्या हातानं शेकून घ्यायची नाही ती.

"प्रज्ञे, टोपी घेतली का गं?"

"तिथं घेईन की, आजी."

"अन् तू विमानातून उतरलीस की तिथला वारा काय म्हणंल, बाई आधी बाजार करून या, मी थांबतो?"

"माझा स्कार्फ हाय ना. गाडीवर बांधते तोच."

"तो क्रांती चौकातल्या धुळीचा स्कार्फ हाय! ओला झाला की फडकं. चल, चप्पल घाल."

भर दुपारी आम्ही दोघी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात. मी म्हटलं, "गरम टोप्या दाखवा."

दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, आणि पोरीला हळूच विचारलं, "आजींना पाणी देऊ का?"

"मला काय विचारायचं ते मला विचारा!" मी म्हटलं. "पाणी नको. टोपी पायजे. थंडीत, पावसात आन् वाऱ्यात चालणारी."

"आजी, हे तिन्ही एकदम आपल्या शहरात कधी असतंय?"

"आपल्या शहरासाठी कुणी मागितली?"

प्रज्ञा तोंडावर स्कार्फ ओढून दुसरीकडं बघत उभी. बिचारा माणूस शिडी लावून माळ्यावर चढला. धुळीनं माखलेलं खोकं काढलं, शिंकला, आणि तीन टोप्या समोर टाकल्या. एक आपली नेहमीची माकडटोपी. एक डोक्यावर गोंडा असलेली, फॅशनची. आणि एक जाडजूड लोकरीची, आतून मऊ अस्तर, दोन्ही कानांवर लोंबत्या पट्ट्या आणि हनुवटीखाली बांधायला नाड्या.

"यातली चांगली कोणती?"

"तिन्ही चांगल्या."

बघा! विकणाऱ्याला विचारून कधी काही कळलंय का? मी म्हटलं, "तिन्ही द्या. पारखते. न पटलेल्या परत आणीन."

"आणा. फक्त वापरलेल्या आणू नका."

"मी काय तशी दिसते?" मी ठणकावलं.

आता सांगा, आपल्या शहरात मे महिन्यात टोपी पारखायची कशी? थंडी आणायची कुठून? ओला वारा आणायचा कुठून? दोन दिवस मी विचार करत होते. आणि तिसऱ्या दिवशी, हॉलमध्ये बसून कैरी सोलत असताना, समोर लक्ष गेलं.

कूलर!

आमचा कूलर म्हणजे काय साधासुधा नाही. जुना, लोखंडी, खिडकी अडवून बसलेला. वेगात लावला की कॅलेंडर भिंतीवर आडवं होतं. गवताच्या जाळीतून पाणी टपकतंय, पंखा तेच पाणी तोंडावर मारतोय. थंड, ओलं आणि वारं! अहो, आयर्लंड आमच्या खिडकीतच होतं!

त्या दिवशी मुलगा कामावर, सून माहेरी, प्रज्ञा बॅग घ्यायला बाहेर गेलेली. मी दाराला आतून कडी लावली. उगाच गल्लीला तमाशा नको. फ्रिजमधला सगळा बर्फ कूलरच्या टाकीत ओतला. प्लॅस्टिकची खुर्ची अगदी जाळीला टेकवून ठेवली. हातात इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेतली, पावसासाठी.

पहिली माकडटोपी. कूलर सुरू केला, आणि वारा पीठ चाळावं तसा विणीतून गळून थेट कानात! वरून पाऊस पाडला, तर टोपी ओल्या पोत्यासारखी जड. नापास.

दुसरी गोंड्याची. ती मुळात कानापर्यंत पोचतच नव्हती, अर्ध्या रस्त्यातच थांबली होती. कूलर वेगात केला, तर उडाली ती थेट दिवाणावर. नापास.

तिसरी. पट्ट्या खाली ओढल्या, नाड्या बांधल्या, कूलर पूर्ण वेगात, आणि बाटलीनं फस्स फस्स फस्स पाऊस. आणि काय सांगू! आत वारा नाही, थेंब नाही. वाऱ्याचा आवाजसुद्धा आत येईना! मी म्हटलं, ह्याला म्हणतात टोपी. डोक्यावर नुसतं उबदार घर बांधल्यासारखं वाटलं. म्हटलं घाई नको, पोरीला तिथं बसची वाट बघत उभं राहावं लागेल, तितका वेळ तरी बसून बघावं. डोळे मिटले.

आणि लागला हो डोळा! सकाळपासून गॅससमोर उभी होते, वरून तो गारवा. मान एका बाजूला, हात लोंबते, तोंड अर्धवट उघडं, अंगावर पाणी.

आता पुढचं मी बघितलेलं नाही. पण गल्लीनं मला इतक्या वेळा सांगितलंय की पाठ झालंय.

शेजारच्या शहनाजभाभी डबा परत द्यायला आल्या. दार वाजवलं. मी गप्प. परत वाजवलं. हाका मारल्या. मी गप्प! मग त्यांनी बाजूच्या खिडकीतून आत डोकावलं. त्यांना काय दिसलं ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्याची टोपी घातलेली, पाण्यानं निथळणारी म्हातारी, लोखंडी कूलरला चिकटून, मान टाकलेली.

"या अल्ला! मावशी गई! अरे कोई हाय का?"

समोरचे खरात सर धावत आले. निवृत्त शिक्षक. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना लगेच कळतं, ही एक अडचण. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि निकाल दिला, "शॉक! कूलरचा शॉक लागलाय! कुणी हात लावू नका!"

आता यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. ओल्या हातानं कूलरला शिवून शॉक लागल्याचं आपल्याकडं दर उन्हाळ्याला ऐकतोच आपण. सरांनी बाहेरचा मेन स्विच पाडला. गल्ली गोळा झाली. दार बडवलं. थाळी वाजवली. कुणी म्हणे खिडकी फोडा, कुणी म्हणे ॲम्ब्युलन्स बोलवा. कुणीतरी प्रज्ञाला फोन लावून सांगितलं, "आजीचं काही खरं दिसत नाय, लवकर ये." शेवटी खरात सर आणि आणखी एकानं खांदा लावून कडी उखडली.

"कोरडं लाकूड!" सर ओरडले. "कोरड्या लाकडानं बाजूला करा!"

शहनाजभाभी पळत आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि हाताला लागलं ते लाकूड घेऊन आल्या. लाटणं.

मला जाग आली ती बरगडीत लाटणं खुपसल्यानं! डोळे उघडते तर काय, शहनाजभाभी लाटणं उगारून समोर, मागं अख्खी गल्ली, आणि सगळ्यांची तोंडं हलतायत, पण आवाज नाही! मला वाटलं, मेले की काय मी? मग टोपी वर सरकली, आणि एकदम कल्लोळ कानात शिरला.

"भाभी! मारता का काय मला?"

"जिंदा हाय! मावशी जिंदा हाय!" असं म्हणून त्यांनी लाटण्यासकट मिठी मारली मला.

"ताई, टोपी कशापायी घातली?" खरात सर.

"थंडी बघत होते!"

सरांनी बाकीच्यांकडं वळून मान हलवली. "डोक्याला ऊन लागलंय. मी म्हटलंच होतं."

"तुम्ही शॉक म्हटला होतात, सर!" मागून कुणीतरी बोललं.

गल्ली हसायला लागली, आणि मीही हसणार होते. तेवढ्यात दारात प्रज्ञा.

गाडी तिनं रस्त्यातच आडवी टाकलेली. स्कार्फ गळ्यात, तोंड पांढरंफट्ट. दवाखान्यात रोज माणसं मरताना बघणारी पोर ती, पण माझ्या मनगटाच्या उलट्या बाजूला नाडी शोधत बसली. माझी नाडी लागतेय का नाही हेच तिला कळेना. मग माझ्या ओल्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली,

"मी नाय जात, आजी."

भाभींच्या हातातलं लाटणं खाली आलं.

"काय म्हणलीस?"

"नाय जायचं मला. तुला अशी टाकून नाय जात. आज काय झालं असतं म्हंजे?"

आता कळलं का घोळ किती मोठा झाला ते? ज्या पोरीला धाडायचं म्हणून मी घरादाराशी भांडले, तिचं जाणंच मी माझ्या टोपीनं मोडत होते! हसणं कुठल्या कुठं गेलं. मी सगळ्यांना बाहेर काढलं. खरात सरांना म्हटलं, मेन स्विच तेवढा वर करा आणि घरी जाऊन खांद्याला काहीतरी चोळा.

मग प्रज्ञाला हाताला धरून त्याच खुर्चीत बसवलं. तीच ओली टोपी तिच्या डोक्यात घातली, पट्ट्या ओढल्या, नाड्या आवळल्या, कूलर वेगात सोडला.

"बघ. लागतोय वारा?"

ती रडता रडता हसली. पट्ट्या हातानं चाचपल्या, मान हलवली. नाही म्हणून.

मी कूलर बंद केला. घर शांत झालं. आणि तिच्यासमोर उभी राहून, आयुष्यात कुणाला बोलले नाही ते मी तिला बोलले.

"प्रज्ञे, तू गेलीस की मला करमायचं नाय. लई जड जाणारंय मला. सकाळी उठून वरडू कुणावर? पण तू राहिलीस तर ते मला आणखी जड जाईल. मी खोक्यांवरची नावं वाचली गं, पण ती खोकी जायची तिथं कधी गेले नाय. तू जा. माझ्यासाठी जा."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हो म्हणून जोरजोरात मान हलवली. माझे डोळे भरले. "काही नाय," मी म्हटलं, "कूलरचं पाणी उडालंय."

टोपी काढून ती म्हणाली, "जाते, आजी."

आणि गेली. गळ्यात स्कार्फ, बॅगेत तिसरी टोपी. उरलेल्या दोन परत करायला मी गेले नाही, कोणत्या तोंडानं जाणार? गोंड्याची आता गॅसच्या टाकीवर शोभून दिसते. आणि मी महिनोन्‌महिने स्वतःवर खूश होते. गल्लीत जो तो मला टोपीवरून चिडवायचा, पण मी मनात म्हणायचे, हसा लेकांनो. माझ्या चार शब्दांनी पोर मार्गाला लागली.

परवा, डिसेंबरात, तिचा व्हिडिओ कॉल आला. मागं समुद्र, तिरपा पाऊस, माणसं छत्र्यांशी झुंजतायत. आणि माझी पोर मधोमध, टोपी घालून. कॉल जोडला तशी तिनं एका कानावरची पट्टी वर उचलून धरली.

"आजी! भर हिवाळा चाललाय, पण कान एकदा पण ठणकला नाय! टोपी एक नंबर हाय!"

"मग! पारखून घेतलेली हाय ती."

"फक्त एक हाय आजी. ही घातली की कायपण ऐकू येत नाय. बसस्टॉपवर इथल्या बायका बोलतात, मी नुसती हसते आन् मान हलवते. सगळ्यांना वाटतं लई गुणी पोरगी हाय."

मी सरळ होऊन बसले.

"कायपण म्हंजे, अजिबातच नाय?"

"अजिबात. का गं?"

"मग त्या दिवशी... कूलर बंद करून मी तुला बोलले ते?"

"ते व्हय? तू बोट नाचवत होतीस, तोंड हलत होतं, डोळे मोठे केलेले. मला वाटलं दम देतीयस, जातीस का नाय म्हणून. म्हणून घाबरून मान हलवली!" ती खदाखदा हसायला लागली. "का? काय बोलली होतीस?"

आता सांगा, काय सांगायचं? जन्मभर मी ज्याला त्याला मोठ्या आवाजात ऐकवत आले आणि ते सगळ्यांच्या लक्षात आहे. एकदाच मऊ बोलले, ते ती लोकर पिऊन बसली.

"काय नाय. म्हणलं, टोपी नीट सांभाळ."

तिचं हसणं थांबलं. मोबाइल जवळ आणून बघायला लागली.

"आजी, रडतेस का तू?"

"मी कशाला रडू? कूलरचं पाणी उडतंय तोंडावर!"

"डिसेंबरात?"